विहिरीचा किल्ला

निपाणीहून चिकोडीकडं जाताना डाव्या हाताला हे गाव लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं की गावातली निम्मी माणसं म्हणणार, असं काही घडलंच नव्हतं, आणि उरलेली म्हणणार, घडलं त्यातलं निम्मंच सांगितलंत. त्यापेक्षा बिननावाचं गाव बरं.

या गावच्या सरकारी मराठी शाळेत राजेश्वरी बाई सातवीला समाजविज्ञान शिकवत. बाई मूळच्या बेळगावच्या, शहापुरातल्या विणकराच्या घरातल्या. लग्न होऊन निपाणीत आलेल्या, रोज स्कूटीवरून शाळेला ये-जा. मुलांच्या हाताला काहीतरी काम द्यायची त्यांना भारी हौस. जुन्या मोज्यांच्या बाहुल्या काय, कागदाच्या लगद्याचे मुखवटे काय, वर्गात कायम खळ आणि चिंध्यांचा पसारा. "बाई, पोर्शन संपवा हो," असं एचएम सर, म्हणजे हेडमास्तर, दर महिन्याला सांगत आणि बाई दर महिन्याला "हो सर" म्हणत. पण पोरांचा बाईंवर जीव होता, आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

समतेच्या हक्काचा धडा चालू होता. ओमकार मोठ्यानं वाचत होता आणि वर्ग जांभया देत होता. 'सार्वजनिक विहिरी, पाणवठे' इथवर तो आला तेव्हा मागच्या बाकावरून सौम्यानं हात वर केला.

"बाई, आमच्या आज्जीनं हिरीचं पाणी काढलंतं. पयल्यांदा. आदी काढू देत न्हवते."

"कुठली हीर?" ओमकारनं पुस्तकातून मान वर काढली. "चावडीमागची? त्या घाणेरड्या हिरीचं पाणी कोण काढतंय?"

चावडीमागच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी होती. खाली हिरवं पाणी, त्यावर सुकलेले हार आणि प्लास्टिकच्या बाटल्या. बाईसुद्धा रोज तिच्यावरून जायच्या. त्या विहिरीला काही इतिहास असेल हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई सौम्याबरोबर भीमनगरात गेल्या. तिची आज्जी, म्हणजे खरं तर पणजी, बायाक्का. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला नुसता उजेड कळायचा. बाईंना तिनं खाटेवर बसवलं, स्वतः उंबऱ्याला टेकून बसली, आणि कुणी विचारायचीच वाट बघत असल्यासारखी बोलायला लागली.

स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षं झाली होती, कायदाही झाला होता, पण कायदा काही पायांनी चालत गावात येत नाही. भीमनगराला तेव्हा नुसतं 'खालचा वाडा' म्हणायचे. खालच्या वाड्यातल्या बायका विहिरीपासून लांब घागरी मांडून बसायच्या. वरून कुणाला दया आली तर घागरीत पाणी पडायचं, नाही आली तर ऊन चढेपर्यंत बसून राहायचं. एके दिवशी बायाक्काची थोरली बहीण राजाबाई उठली, घागर कमरेवर घेतली, आणि सरळ जाऊन विहिरीत दोर सोडला. तिच्यामागनं बाकीच्या गेल्या. बायाक्का तेव्हा परकरातली पोर, तीही कळशी घेऊन गेली.

"आणि मग?" बाईंनी विचारलं. त्यांचे डोळे चमकत होते. डोळ्यांपुढं धडा नाही, अख्खं नाटक उभं राहिलं होतं.

"मग काय, पाणी घेऊन घरला आलो. लई हसलो त्या दिवशी." बायाक्का थांबली. सौम्याला म्हणाली, "जा गं, बाईस्नी च्या टाक." पोर आत गेल्यावर तिनं आवाज खाली आणला. "रात्री दगडं आली, बाई. कौलांवर. कडब्याची गंजी पेटवली. राजाक्कानं मला पोटाखाली घेतलं, वरनं पदर टाकला. मला कायबी लागलं न्हाय. तिच्या डोस्क्यात दगूड बसला. निपाणीच्या दवाखान्यात नेली, तितंच गेली."

बायाक्का पुढं म्हणाली, "तिचा फोटू न्हाय. एकबी न्हाय. तिला बघितल्यालं आता मी एकटीच उरलोय. मी गेलो की ती गेलीच." मग जरा हसून, "तुमी पोरांकडनं बाहुल्या करून घेताय म्हणं. राजाक्काची करतील काय? मला एकदा बगायची हाय. हिरीवर उभी असल्याली."

"करतील की, आक्का," बाई म्हणाल्या. "मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन दाखवायला."

वचन दिलं ते मनापासून दिलं, यात खोट नाही. खोट पुढं झाली.

सोमवारी बाईंनी वर्गात गोष्ट सांगितली, आणि अशी रंगवून सांगितली की खोडकर पोरंही गप्प झाली. लांब मांडलेल्या घागरी, ऊन, राजाबाई उठली, दोर सोडला, दोराचा तो करकर आवाज बाईंनी तोंडानं काढला. "आणि बायका पाणी घेऊन घरी आल्या," असं म्हणून बाई थांबल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सौम्याकडं सगळे वळून बघायला लागले, आणि पोर लाजून बाकाखाली जायची तेवढी राहिली.

बाईंनी दगडांचं सांगितलं नाही. पोरं लहान आहेत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं कारण त्यांनाही माहीत होतं. त्या रात्री दगड कुणीतरी मारलेच होते, आणि मारणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं पहिल्या दोन बाकांवर बसून टाळ्या वाजवत होती. उद्या कुणाचा बाप शाळेत येऊन विचारेल, बाई, आमच्या पोरांना हे काय शिकवताय? गोडाचं बोट चाटवलं की काम भागतं, कडू काढा पाजायचा कशाला?

दिवाळी तोंडावर आली होती. या भागात दिवाळी म्हणजे फटाक्यांच्या आधी किल्ला. गल्लोगल्ली पोरं चिखलात कोपरापर्यंत माखलेली असतात. ओमकार म्हणाला, "बाई, यंदा शाळंत किल्ला करूया. निपाणीच्या मंडळाची स्पर्धा हाय."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "करूया. पण गड नको. विहिरीचा किल्ला करूया."

"किल्ल्यात लढाई पायजे, बाई."

"ही लढाई नव्हे तर काय रे?"

ओमकारनं डोकं खाजवलं, विचार केला, आणि त्याला ते पटलं. त्याला पटलं की वर्गाला पटायचं.

शाळेच्या मागच्या अंगणात काम सुरू झालं. तांबडी माती आली, दगड आले, जुनी पोती आली. चावडी झाली, वरची आळी झाली, खालचा वाडा झाला. काड्यापेटीच्या काड्यांची आढी, खोक्याच्या पुठ्ठ्याची छपरं. उतारावर मोहरी पेरली. मधोमध डालड्याचा जुना डबा पुरून विहीर केली, कडेनं खडे लिंपले, डब्यात खरं पाणी ओतलं. वरच्या आळीची पोरं आणि भीमनगरची पोरं एकाच पाटीत माती कालवत होती, एकमेकांच्या पाठीवर चिखलाचे पंजे उठवत होती, एकाच्या डब्यातला चिवडा दुसऱ्याच्या तोंडात जात होता. ते बघून बाईंना वाटलं, आपण जन्माला येऊन काहीतरी केलं. आणि त्यांना तसं वाटलं ते काही चुकीचं नव्हतं.

राजाबाई सौम्यानं केली. दोनदा केली. पहिल्यांदा घागर उजव्या कमरेवर ठेवली होती; घरी आज्जीला सांगितलं तर आज्जी म्हणाली, राजाक्का डावरी, घागर डाव्या अंगाला घ्यायची. पोरीनं ती मोडली आणि पुन्हा केली. "आणि हनुवटी वर ठीव," आज्जीनं सांगितलं होतं. "ती खाली बगून चालायची न्हाय. म्हणून तर सगळं झालं." वीतभर उंचीची ती बाई, हिरवं लुगडं रंगवलेली, डाव्या कमरेवर घागर, विहिरीच्या काठावर हनुवटी वर करून उभी राहिली. बाकीच्या बाहुल्या तिच्यापुढं नुसती मातीची ढेकळं वाटत होती.

"बाई, आज्जी इचारत्या, कवा न्यायचं?" सौम्यानं त्याच दिवशी विचारलं.

"रंग वाळू दे की. उद्या-परवा नेऊ."

रंग वाळला. मग स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. त्या गर्दीत म्हातारीला कुठं आणायचं? परीक्षक आले, दुसरं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. फोटोत बाई मधोमध उभ्या होत्या आणि राजाबाई कुणाच्या तरी पायाआड गेली होती. आसपासच्या शाळांच्या क्लस्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे पडले. कुणीतरी म्हणालं, तालुक्याचे शिक्षणाधिकारी, बीईओ साहेब, स्वतः बघायला येणार आहेत. मग बाईंनी ठरवलं, बायाक्काला त्याच दिवशी आणायचं. साहेबांच्या हस्ते शाल, नारळ, दोन शब्द. सोहळाच करायचा. म्हातारीनं काय मागितलं होतं? एकदा बघायचं होतं. शाल मागितली नव्हती. पण बाई सोहळ्याच्या मागं लागल्या आणि साधी गोष्ट मागं पडली.

"आज्जी इचारत्या..." सौम्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी म्हणाली.

"साहेब आले की लगेच. सांग आक्कांना, थोडं थांबा."

थोडं थांबणं बायाक्काला नवं नव्हतं.

भाऊबिजेला बाई माहेरी शहापुरात गेल्या. भावाच्या, किशनच्या, पोरांनी अंगणात किल्ला केला होता. ओवाळणं झालं, फराळ झाला. किशनची पोरं किल्ल्याच्या बुरुजाखाली बोटानं भोकं पाडत होती. "आत्तापासनं सुरुंग?" बाईंनी हसून विचारलं. "तुळशीच्या लग्नाला उडवायचाय, आत्ते," पोरं म्हणाली. लहानपणी किशनही असाच उडवायचा. सुतळी बॉम्ब, कानठळ्या, माती उडाली की सगळ्या गल्लीच्या आरोळ्या. बाईसुद्धा परकर धरून टाळ्या पिटायच्या. किल्ला केला की दिवाळी सरताना तो उडवायचा, यात शिकवण्यासारखं काय आहे? ते पोरांना कुणी सांगावं लागत नाही. उडवू नका, हे मात्र सांगावं लागतं. बाई शेंगदाण्याची करंजी खात ते सगळं बघत होत्या आणि त्यांना आपल्या शाळेतला किल्ला एकदाही आठवला नाही. पुढं किती वेळा त्यांनी ती दुपार मनात उलगडून बघितली, त्याला हिशेब नाही.

साहेब आलेच नाहीत. दुसरीकडं कुठं मीटिंग निघाली. शेवटी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी बाईंनी वर्गात सांगून टाकलं, "आज संध्याकाळी मी बायाक्कांना घेऊन येते. सगळे थांबा."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. ओमकारचं तोंड फुललं. "बाई, आज्जी येऊस्तोवर आमी सगळी तयारी करतो. तुमी काळजीच करू नका."

कसली तयारी, हे बाईंनी विचारलं नाही. रांगोळी घालतील, फुलं आणतील, असं त्यांना वाटलं.

बायाक्का ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती. स्कूटीवर मागं बसली, बाईंच्या खांद्याला घट्ट धरलं. वाटेत एकदाच बोलली. "हिरवं लुगडं रंगवलंय म्हणं. हिरवंच हुतं. बेंदराच्या सणाला घेतल्यालं."

शाळेत शिरताना दिवस कलला होता. अंगणात पोरांचं कडं उभं होतं. "आल्या, आल्या!" असा कालवा झाला. दोघी पोरींनी धावत येऊन बायाक्काला हाताला धरलं आणि अंगणाच्या टोकाला, पार भिंतीकडं मांडलेल्या एचएम सरांच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"इतं लांब का गं? मला दिसत न्हाय हितनं," बायाक्का म्हणाली. "जवळ न्या की."

"लांबच बसायचं, आज्जी. जवळ लागंल," पोरी म्हणाल्या.

ओमकारचा धाकटा भाऊ मष्णू, अंगणवाडीतला, बायाक्काच्या खुर्चीला टेकून कानात बोटं घालून उभा राहिला. बाई खांद्यावरच्या पिशवीतून शाल काढत होत्या. साहेब नाहीत तर नाहीत, आपणच घालू. ती कानात घातलेली बोटं त्यांनी बघितली, आणि तेवढ्यात पलीकडून ओमकारचा आवाज आला.

"सौम्या लावणार! हीर तिची हाय, तर बत्तीबी तिनंच लावायची. मान तिचा."

"मान तिचा!" पोरं ओरडली.

एरवी किल्ला उडवताना पोरींना मागं सरा म्हणायचे. आज कडं बाजूला झालं आणि सौम्या पेटती उदबत्ती घेऊन पुढं आली. आनंदानं तिचा चेहरा लाल झाला होता. वरच्या आळीची पोरं तिला वाट करून देत होती. तिनं विहिरीत हात घातला. पाणी काढून टाकून त्यात पोरांनी साठवलेले सगळे बॉम्ब एकत्र बांधून ठेवले होते.

"थांब!" बाई ओरडल्या. "सौम्या, थांब!"

पण फटाक्यापाशी थांब, जपून, लांब हो, असं मोठी माणसं ओरडतच असतात. सौम्यानं मागं वळून हसून बघितलं आणि वात पेटवून ती पळाली.

आवाज असा झाला की शाळेच्या पत्र्यांवरची धूळ खाली आली. माती, खडे, पुठ्ठ्याची छपरं वर गेली आणि भिंतीपर्यंत येऊन आदळली. पोरांनी एकच आरोळी ठोकली. नाचायला लागली.

मग एकेकाचं नाचणं थांबलं. खुर्ची रिकामी होती. बायाक्का खाली जमिनीवर गुडघ्यांवर पडली होती. पोटाखाली मष्णू, त्याच्यावर तिचा पदर, आणि पदरावर तिचे दोन्ही हात. एकदोन पोरं हसली. "आज्जी भ्याली!" मष्णू आतून कुरकुरत होता, "सोड की गं." ती सोडत नव्हती. तिच्या तोंडातनं बारीक आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. हसणारी पोरंही गप्प झाली.

बाई धावल्या. "आक्का, काही नाही, आक्का, फटाका होता." तिच्या खांद्याला हात लावला तर म्हातारी आणखी आकसली.

सौम्या जवळ बसली. "आज्जी, मी हाय. दिवाळीचा बॉम्ब हुता. मीच लावला."

बऱ्याच वेळानं बायाक्कानं डोकं वर केलं. मष्णूच्या तोंडावरनं हात फिरवला, डोकं चाचपलं, कुठं लागलं नाही ना बघितलं. मग विचारलं, "राजाक्का कुटं हाय?"

पोरं पांगली. मातीच्या ढिगात, मोहरीच्या रोपांत, भिंतीच्या कडेला शोधायला लागली. भीमनगरच्या एका पोराला ती सापडली. गळ्यापासून खाली होती. डोकं नव्हतं. त्यानं ती सौम्याच्या हातात दिली, सौम्यानं आज्जीच्या हातात.

बायाक्कानं ती डोळ्यांजवळ नेली, मग अंगठ्यानं चाचपायला लागली. खांदा, हात, कंबर. "डावीकडंच हाय घागर," ती म्हणाली. "बरुबर केलतीस गं पोरी." अंगठा वर गेला आणि तुटलेल्या जागी थांबला. "आनी तोंड?"

"हनुवटी वर केलती, आज्जी. तू सांगितलीस तशीच." सौम्याचा आवाज फुटला. "बाई, आज्जी अशी का केली? का अशी पडली खाली?"

बाईंनी बायाक्काकडं बघितलं. वाटलं, ती सांगेल. आता तिनंच सांगावं.

बायाक्कानं मान हलवली. राग नव्हता तिच्या आवाजात; असता तर बरं झालं असतं. "मी एकदा सांगितलंय. परत न्हाय व्हायचं माज्याच्यानं. बाईस्नी सगळं ठावं हाय. त्यास्नी इचार."

सौम्या वळली. तिच्या बोटांना अजून फटाक्याच्या दारूचा वास होता. "तुमास्नी ठावं हुतं, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या.

"काय ठावं हुतं?" ओमकार पुढं आला. बायाक्काच्या पदराकडं, आपल्या भावाकडं, सौम्याच्या हाताकडं बघत तो कसलातरी हिशेब जुळवत होता. "बाई, काय असलं तर आदी सांगायचं न्हवं? सांगितलं असतासा तर आमी उडवलंच नसतं की. सौम्याला कशाला लावायला दिलं असतं?"

पोरं लहान आहेत, हे कारण आता त्या पोरांसमोर काढायची बाईंना लाज वाटली. एवढं तर त्यांनी समजून घेतलंच असतं. समजून घेण्यात मोठी माणसंच कमी पडली होती, आणि त्यात पहिला नंबर आपला, हे बाईंना लख्ख दिसलं. शाल अजून हातातच होती. ती त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि विस्कटलेल्या मातीत बसल्या. पोरंही त्यांच्याभोवती बसली, वर्गात गोष्टीला बसायची तशी. मष्णू बायाक्काच्या मांडीवर होता. आता त्यालाही उठायचं नव्हतं.

बाईंनी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा मोडली. शेवटी त्यांना तेवढंच वाक्य सापडलं, जिथं त्यांनी त्या सोमवारी गोष्ट थांबवली होती.

"बायका पाणी घेऊन घरी आल्या..."

"त्ये झालंय, बाई," ओमकार म्हणाला. "म्होरलं सांगा."